पाळीच्या माश्या, पार्सेचा पराग

पार्से, पेडणे
८ फेब्रुवारी १९८७

मावशी,

नमस्कार करते आणि तुला सगळ्यांत आधी जे वाचायचं असेल तेच आधी लिहिते. चारही पेट्या सुखरूप पोचल्या. एकही पोळं मोडलेलं नाही. जयवंतदादाने टेम्पो इतका सावकाश आणला की कोलवाळच्या पुलावर मागच्या बसवाल्याने त्याला नाही नाही ते ऐकवलं. दादा म्हणतो, "रोज ट्रकान माती व्हरतंय तेव्हा कोण काय म्हणत नाय. आज आवशीच्यो माश्यो हळू हाडल्यो, तर गाळी!"

पेट्या मागच्या कुळागरात, माडांच्या सावलीत ठेवल्या आहेत. दारं उगवतीला. प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवली आहे, मुंग्या चढू नयेत म्हणून. संध्याकाळी वाट्यांत पाणी आहे ना ते बघून येते, आणि घरात आल्यावर नीट बघितलं ना असं वाटून पुन्हा जाते. आई म्हणते, माश्यांना झोप येईल, तुला यायची नाही.

मावशी, तू दादाजवळ दिलेला निरोप मी लिहून ठेवला आहे. काकांनी वारुळातून आणलेल्या मोहोळाची एवढीच पिलावळ उरली आहे. पाळीला खाणीच्या ट्रकांच्या धुळीने मोहोर माखतो, म्हणून फुलांच्या दिवसांपुरत्या त्या माझ्याकडे. पावसाच्या तोंडावर परत. हे नीट समजलं आहे. माझ्या हातून त्या गेल्या तर दुसऱ्या कुठून आणणार?

पेटी किती दिवसांनी उघडायची, कुठल्या वेळी, कशाला हात लावायचा नाही, सगळं लिही. मला माहीत असेल असं धरून काही वगळू नकोस.

बाबा बरे आहेत. बुधवारी गोव्यात कोकणी राजभाषेचं बिल पास झाल्यापासून फारसे बोलत नाहीत. आई म्हणते, बरं झालं, दोन्ही भाषांतली वटवट थांबली.

तुझी,
प्रतीक्षा

पाळी
१६ फेब्रुवारी १९८७

प्रतीक्षा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा माश्यांसाठी आणि एकदा चुका काढायला. चूक एकही नाही, म्हणजे आधी कच्चं लिहून मग उतरवलंस. माझ्याच सोप्यावर धुळाक्षरं गिरवलीस, मला शिकवू नकोस. पुढचं पत्र एकदम लिही. खाडाखोड मला चालते.

आता ऐक. आठवड्यातून एकदा पेटी उघड, सकाळी ऊन चढण्याआधी. नारळाच्या सोडणाचा धूर थोडा, डोळे चुरचुरतील इतका नको. खालचा मजला पिलांचा, वरचा आपला. वरचा मध पिकला, घरांवर मेणाची झाकणं आली, की घ्यावा. खालच्या मजल्यातलं काही काढायचं नाही. पराग तर मुळीच नाही. मध कमी पडला तर साखरपाणी देता येतं. परागाला बदली नाही. त्याच्यावरच पिलं वाढतात. पराग संपला की राणी अंडी घालायची थांबते, आणि राणी थांबली की पेटी महिन्या-दीड महिन्याची पाहुणी. दुसऱ्याच्या ताटातलं उचलू नये एवढं लक्षात ठेव, बाकी माश्या सांगतील.

हे तुझ्या काकांनी मला सांगितलं होतं आणि त्यांच्या सांगण्यातली एवढी एकच गोष्ट मी वाद न घालता ऐकली.

पाचवी पेटी मी इथेच ठेवली आहे, हे जयवंतने सांगितलं असेलच. सोबतीला. जयवंत घरी येतो तो आधी दारात उभा राहून अंगावरचं अर्धं गाव झटकतो, मग जेवतो, मग झोपतो. त्याच्याशी काय बोलायचं? पेटीपुढे बसलं की निदान ये-जा दिसते. सध्या माश्या पायांना तांबडं लावून येतात. बघायला बरं वाटतं.

वाट्यांतलं पाणी बघ. एकदा.

सत्यवतीमावशी

पार्से
१ मार्च १९८७

मावशी,

हे पत्र एकदम लिहिते आहे, कच्चं नाही. त्यामुळे काही राहिलं तर माफ कर.

तुझ्या माश्यांना इथे काय मिळालं आहे ते तू बघायला हवं होतंस! सकाळी दारापुढे बसते तर एकेक माशी मागच्या दोन्ही पायांवर गोळे लादून येते, आणि फळीवर उतरताना तिचं शेपूट खाली ओढलं जातं. दुधाळ पिवळा गोळा माडाचा, ते कळायला कष्ट पडले नाहीत, माड डोक्यावरच आहेत. गडद पिवळा कलिंगडाचा. गोकुळदासच्या मळ्यात सध्या वेलच वेल आहेत. (गोकुळदास म्हणजे आमच्या कुंपणाला कुंपण लागलेला तो. मागे तू आली होतीस तेव्हा तुला भोपळा दिला होता आणि तो आतून किडका निघाला होता.)

पण एक गोळा काळपट जांभळा, शाईत राख कालवल्यासारखा. हा कुठला? दोन दिवस डोकं खाल्लं. माशीच्या मागून धावता येत नाही, ती वहाळापलीकडे जाते. मग तीच दिशा धरून गेले, तर पलीकडे सावर फुललेली. एक फूल पडलं होतं ते उचललं, आणि बोटांना तोच काळपट रंग! रस्त्यात एकटीच हसले. गोकुळदासने विचारलं, "चेडवा, काय गावलां? भांगार?" मी म्हटलं, सोनं कसलं, आणि बोट दाखवलं. तो म्हणाला, "ह्याका आमी मळ म्हणतो."

पेटीत खालच्या मजल्यावर पराग इतका साठला आहे की चौकट उचलली तर हाताला जड लागते. माश्या घरात गोळा टाकतात आणि डोक्याने दाबून बसवतात, आई बरणीत लोणचं दाबते तसं. तू सांगितलंस म्हणून कशालाही हात लावलेला नाही.

आता मला सांग, तुझ्याकडे तांबडा पराग कुठल्या फुलाचा? मी आठवून आठवून थकले. पांगारा लाल असतो, पण फूल लाल म्हणजे पराग लाल असं नाही, हे आता मला सावरीने शिकवलं आहे. फुलाचं नाव लिही. जमलं तर पाकिटात एक पाकळी घाल.

तुझी,
प्रतीक्षा

पाळी
९ मार्च १९८७

प्रतीक्षा,

एवढा पराग मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. तू मोजूनमापून लिहिणारी नसतीस तर थाप म्हटलं असतं. असू दे. भरलेलं घर कोणाला नको? इथे आम्ही चौकट उजेडाकडे धरायचो आणि परागाची दहा-वीस घरं दिसली तर तुझे काका नारळ फोडायला निघायचे.

काढू नकोस. पुढे लागेल.

तांबड्याचं फूल असतं एक. पाकळी पाठवण्याजोगी नाही.

शिगमो जवळ आला. मेळात नाचायला जयवंतला या वर्षी सुट्टी नाही, म्हणून तोंड फुगवून बसला आहे. बाकी ठीक.

सत्यवतीमावशी

पार्से
२० मार्च १९८७

मावशी,

घाबरवायचं नाही म्हणून चार दिवस पत्र लिहिलं नाही. पण न लिहिणं हेही खोटं बोलण्यासारखंच झालं.

पेट्यांत पिलं कमी होत आहेत. फेब्रुवारीत पिलांचं पोळं तळहाताएवढं भरगच्च असायचं. आता मध्ये चार घरांत अळी, मग पराग, मग दोन अळ्या, मग परागच पराग. दुसऱ्या पेटीत तर शोधावं लागतं. तू म्हणाली होतीस, पराग संपला की राणी थांबते. इथे पराग संपलेला नाही, मावायला जागा नाही, तरी राणी थांबली. हे उलटं कसं?

आधी वाटलं, राणीच मेली असेल. पिलं नसली म्हणजे पराग खायला कोणी नाही, आणि खायला कोणी नाही म्हणून तो साठत जातो, असंही होऊ शकतं ना? हिशेब जुळला. पहिली पेटी उघडून एकेक चौकट बघत गेले. तिसऱ्या चौकटीवर राणी होती, मावशी! लांब, काळसर, चांगली चालती-फिरती. मी हलले नाही. ती एका घरात डोकं घालायची, बाहेर काढायची, पुढच्या घरात डोकं घालायची. सगळीकडे पराग. माश्या तिच्याभोवती तोंड करून उभ्या, जशी मोठी मावळण आली की आपण उभ्या राहतो, आणि तिला बसायला पाट मात्र कोणी देत नाही.

मी गोकुळदासला हे सांगितलं. तो मिरच्यांना पाणी घालत होता. म्हणाला, "आमच्याकडे एका वर्सा भात चड झाला. बापाशीन पोती रचली खोलीत, पडवीत, देवाच्या पाटापर्यंत. तेवढ्यात माझी बायल बाळंत झाली. ती म्हणाली, आता मी पोत्यार निजू काय?" मी विचारलं, मग काय केलं? "काय करतलो? पोती भायर. बापूस दोन दिवस कोणाशी उलयलो नाय."

हसू नकोस. मला वाटतं राणीचं तेच झालं आहे.

मावशी, प्रत्येक पेटीतल्या परागाच्या एक-दोन चौकटी काढून मध्ये रिकाम्या चौकटी ठेवू का? काकांचा नियम मोडायची माझी हिंमत नाही. तू हो म्हण, मग करते. नको म्हणालीस तर का नको तेही लिही. उलट टपाली लिही.

प्रतीक्षा

पार्से
५ एप्रिल १९८७

मावशी,

तुझं उत्तर आलं नाही. रोज पोस्टमनला विचारते. तो आता मला बघून सायकल लांबूनच वळवतो. पाडव्यालाही पत्र नाही, म्हणून आईला काळजी वाटते आहे. तुला बरं आहे ना?

मी तुला न विचारता पेट्या उघडल्या. काय केलं ते सगळं लिहिते, म्हणजे रागवायचं तर नेमकं कशासाठी ते तुला कळेल.

सोडणाचा धूर दिला, डोळे चुरचुरतील इतका नाही. आधी एकाच पेटीत करून बघायचं ठरवलं, चुकलं तर एकच चुकेल. पिलांच्या दोन्ही बाजूंना परागाने गच्च भरलेल्या चौकटी होत्या. त्यांतल्या दोन काढल्या, कडेच्या दोन राहू दिल्या. चौकटीवरच्या माश्या गवताच्या कुंचल्याने पेटीत झाडल्या. राणी त्यांच्यावर नाही ना हे पुन्हा पुन्हा बघितलं. मग तू गाठोड्यात दिलेल्या रिकाम्या चौकटींना वरून मेणाची पट्टी चिकटवून त्या पिलांच्या लगत सोडल्या. झाकण आधी तिरकं बसलं, मग उचलून पुन्हा बसवलं.

मग आठवडाभर पेटीला हात लावला नाही. तो आठवडा कसा काढला ते आईला विचार. भातात मीठ दोनदा पडलं, बाबा तेवढ्यापुरते बोलले.

उघडली तर रिकाम्या चौकटीत नवं पोळं! पांढरं, इतकं पातळ की पलीकडचं माझं बोट दिसत होतं. उन्हाकडे पाठ करून आत बघितलं. प्रत्येक घराच्या तळाशी एक अंडं, तांदळाच्या कणीहून बारीक, उभं. एकही घर वगळलेलं नाही. ती एवढे दिवस फक्त जागा शोधत होती, मावशी.

मग बाकीच्या पेट्यांतही तेच केलं. तिन्ही पेट्या आता छान आहेत.

काढलेल्या चौकटी टाकवल्या नाहीत. माश्यांनी एवढ्या लांबून आणलेलं मी कसं टाकू? त्यांच्यावर पिठीसाखर भुरभुरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या आहेत, बुरशी आणि मेणकिडा लागू नये म्हणून. तुझ्या ताटातलं उचललं आहे, पण खाल्लेलं नाही.

लिही. काहीही लिही.

प्रतीक्षा

पाळी
११ एप्रिल १९८७

प्रतीक्षा,

मी आजारी नाही. पत्रं दोन्ही मिळाली.

आधी तुझं. "तिन्ही पेट्या आता छान आहेत." मी चार पाठवल्या होत्या. चौथी गेली ना? खोटं तू लिहीत नाहीस, फक्त आकडा बदलून लिहितेस. लहानपणीही तशीच. फुटलेल्या कपाचा कान लपवायचीस आणि उरलेले कप ओळीने मांडून ठेवायचीस. कशी गेली ते लिही. रडत लिहू नकोस, शाई पसरते.

आता माझं. तू तांबड्या फुलाचं नाव विचारलंस. आधी मी थातुरमातुर लिहून विषय बदलला, नंतर पत्रच लिहिलं नाही. ते फूल नाही. धूळ आहे, खनिजाची. माशीला पराग मिळेनासा झाला की जे मऊ आणि बारीक मिळेल ते ती पायावर बांधून आणते. मागे गिरणीजवळून पीठ नेताना पाहिलं होतं, तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. आता ह्या रस्त्यावरचं तांबडं आणतात. आणतात, आणि घरात भरत नाहीत, पेटीच्या तळाला टाकतात. झाडून काढलं तर सुपलीभर निघतं.

बघायला बरं वाटतं असं मी तुला लिहिलं होतं. खरंच वाटायचं. लांबून परागासारखंच दिसतं.

माझ्या पेटीत राणी आहे, अंडी नाहीत. शिगम्यापासून नाहीत. तुझ्या राणीला जागा नाही आणि माझ्या राणीला रिकामी घरंच घरं. तू मला विचारत होतीस, जास्तीचा पराग काढू का, आणि मी ते पत्र हातात घेऊन इथल्या रिकाम्या पेटीपुढे बसले होते. तुला काय लिहिणार? राग आला होता. तुझ्यावर नव्हे. पण आला होता.

काढू नये हा नियम चुकीचा नव्हता गो. तो पाळीचा होता. इथे जेवढं आहे तेवढं राहू दे, असा त्याचा अर्थ. पार्सेला माड आहेत, कलिंगडं आहेत, हे नियम करणाऱ्याला कुठे ठाऊक होतं?

आता काम सांगते. त्या डब्यातल्या दोन चौकटी मला पाठव. जयवंत रविवारी येईल. चौकटी उभ्या ठेव, आडव्या नको. ओल्या फडक्यात नको, बुरशी धरेल. कोरड्या धोतराच्या फडक्यात गुंडाळ आणि मध्ये केळीची सोपटं घाल.

सत्यवतीमावशी

पार्से
१९ एप्रिल १९८७

मावशी,

दादाजवळ हे पत्र आणि डबा देते आहे. दोनच्या ऐवजी तीन चौकटी आहेत, डब्यात तेवढ्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे आणखी आहेत आणि पेट्यांत अजून भरतच आहे. आता दर आठवड्याला बघते. पिलांशेजारची चौकट परागाने भरली की ती कडेला सरकवते, कडेची काढते, मध्ये रिकामी घालते. राणीपुढे नेहमी एक मोकळं अंगण ठेवायचं, एवढंच.

चौथी पेटी दुसऱ्या नंबरची. तुझ्या उत्तराची वाट बघत होते तेव्हाच गेली. एका दुपारी कुळागरात पाऊस यावा तसा आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर सगळ्या माश्या हवेत. माडांच्या वर गेल्या, क्षणभर काळ्या फडक्यासारख्या फिरल्या आणि वहाळापलीकडे दिसेनाशा झाल्या. मी खालून नुसती हात वर करून उभी होते, जसं काही धरून ठेवता येणार होतं. पेटी उघडली तर एक अळी नाही, एक माशी नाही. पराग मात्र होता तसाच, जमवलेला सगळा. भरलेलं घर टाकून गेल्या. त्यानंतरच मी तुला न विचारता बाकीच्या उघडल्या. हे आधी लिहायला हवं होतं. आकडा बदलला, तू पकडलंस, आता बरं वाटतं आहे.

दादाला जेवायला बसवलं. त्याने डब्याकडे बोट करून विचारलं, "ह्यात मध आसा मगे?" मी म्हटलं, नाही, पराग. "म्हणजे मधापेक्षा म्हारग?" आई म्हणाली, तुझ्या आईसाठी आहे, तू फक्त धक्का लावू नकोस. मग तो जेवता जेवता म्हणाला, "आवय पेटी उघडीनाच. म्होऱ्यात बसता आणि बघता. मी न्हावन येतंय तरी म्हणता, लांब रव. धूळ माझ्याच चाकाची, खरां. पण पगार पण त्याच धुळीचो. काय करू सांग." आईने त्याला आणखी सोलकढी वाढली.

मावशी, आमच्याकडे जे जास्त झालं म्हणून तुझं एक मोहोळ गेलं, तेच तुझ्याकडे नाही म्हणून दुसरं चाललं आहे. म्हापसा आणि डिचोली अशा दोन बसचं अंतर. हे मला आधी का सुचलं नाही? मी फक्त काढू की नको एवढंच विचारत राहिले. काढून कुठे ठेवू, हे विचारलं नाही.

चौकटी ठेवल्यावर माश्या काय करतात ते सगळं लिही. अगदी सगळं.

प्रतीक्षा

पाळी
७ मे १९८७

प्रतीक्षा,

सगळं लिही म्हणालीस, तर बस वाचत.

चौकटी धड पोचल्या. जयवंतने डबा पोटाशी बांधून मोटारसायकल आणली. दारातूनच म्हणाला, "घे, तुझी सून हाडली." मी म्हटलं, सून ह्याच्याहून कमी खर्चात आली असती.

मला वाटलं होतं परक्या घराचा पराग माश्या शिवणार नाहीत. एक चौकट राणीच्या चौकटीला लागून ठेवली. आधी दोघी-तिघी आल्या, वरच्या साखरेवर पाय ठेवून थांबल्या. मग त्यांतली एक आत डोकं घालून बसली ती उठेचना. मी म्हटलं, मेली की काय. नाही. खात होती. थोड्या वेळाने चौकट दिसेनाशी झाली, इतक्या माश्या बसल्या. तुझी ती शाईत राख कालवलेली घरं त्यांनी आधी रिकामी केली. काय गोडी असते सावरीत कोण जाणे.

सहा दिवस मी पेटीला हात लावला नाही. सातव्या दिवशी लावला. डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून जयवंतला बोलावलं. म्हटलं, अंघोळ करून ये आणि ह्यात बघ. तो बघतो आणि म्हणतो, "आई, कायतरी उभां आसा. धाग्याची टोकां कशी." किती घरांत? "सगळ्यांनीच आसा गो!" एवढा मोठा घोडा, पण चौकट हातातून ठेवेना. मी स्वयंपाकघरात गेले, भांडी घासलेलीच होती ती पुन्हा घासली.

आता अळ्या आहेत, झाकणंही आली. आणखी चौकटी पाठव. इथे त्या खातात भराभर.

सत्यवतीमावशी

पार्से
१७ मे १९८७

मावशी,

तुझं पत्र आईला मोठ्याने वाचून दाखवलं. भांडी घासलेल्या ओळीला ती उठून आत गेली. तुम्ही दोघी बहिणी सारख्याच.

चौकटी दादाबरोबर पाठवते आहे. पण आज वेगळंच लिहायचं आहे, आणि ते लिहायला मी दोन दिवस लावले.

पाऊस तोंडावर आला. पेट्या परत द्यायच्या असं ठरलं होतं, शब्द मी दिला होता. माझ्या मनात काय आहे ते आधी सांगते, म्हणजे तुझा निर्णय माझ्या गप्प बसण्याने वाकायला नको. मला त्या पाठवायच्या नाहीत. इथे पावसातही माडाला पराग असतो. गोठ्याच्या वळचणीला आडोसा केला तर त्यांचे पावसाचे दिवस निघतील. तिथे त्या काय आणतील, ते तूच मला लिहिलंस.

पण दुसरी बाजूही खरी आहे. त्या तुझ्या आहेत. काका आणि तू दोघांनी त्या वाढवल्या. माझ्याकडे त्या बहरल्या हे माझं कर्तृत्व नाही, माडांचं आहे, आणि एक मोहोळ मी घालवलंही. त्यामुळे तू "आण" म्हणालीस तर मी स्वतः दादाबरोबर टेम्पोत बसून आणीन, तोंड वाकडं करणार नाही. आणि दर महिन्याला चौकटी पाठवीन, जिवंत असेपर्यंत.

कधी आणू ते कळव.

प्रतीक्षा

पाळी
३१ मे १९८७

प्रतीक्षा,

काल गोव्याचं राज्य झालं. इथे तिठ्यावर फटाके वाजले, पोरांनी लाडू वाटले. तुझे बाबा बोलू लागले असतील तर माझं अभिनंदन सांग, आणि नसतील तर तुझ्या आईला सांग.

मला तो दिवस लक्षात राहील तो वेगळ्याच कारणाने. काल ट्रक बंद होते. सकाळपासून रस्त्यावर एक ट्रक नाही. किती वर्षांनी मला पलीकडच्या वाड्यातला कोंबडा ऐकू आला! आदल्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली होती, पानं धुतलेली. मी पेटीपुढे पाट टाकून बसले. तुझ्या परागावर वाढलेली पिलं आता उडती झाली आहेत. अंगावर लव आहे, पंख धड आहेत. दाराकडे तोंड करून आधी हवेत झोके घेतात, घर ओळखून घेतात, मग जातात. म्हटलं, आज धूळ नाही. आज कळेल ह्यांना इथे काय मिळतं ते.

दुपारपर्यंत बसले. जात होत्या आणि येत होत्या. पाय रिकामे. एकीच्याही पायाला काही नव्हतं, पिवळं नाही, पांढरं नाही.

आज ट्रक सुरू झाले. ऊन चढल्यावर बघितलं. तीच पोरं, तांबडे गोळे लादून, शेपूट खाली ओढलं जाईपर्यंत. किती खुशीत येतात गो. आपण काय आणलं ते त्यांना ठाऊकच नाही.

मी आत गेले आणि रविवारचा झोपलेल्या जयवंतला उठवलं. म्हटलं, गुरुवारची रजा मागून घे.

तुझ्या पेट्या आणू नकोस. तिथेच राहू देत, आणि ही पाचवीही तिथेच येईल. तू डब्यांतून जेवण पाठवत राहशील हे मला ठाऊक आहे, तू तशीच आहेस. पण जेवण बाहेरून आणि मजुरी मातीची, असं घर चालवून घ्यायला मला आवडत नाही. ही पेटी जागा बदलल्यावर काही दिवस बिचकते. ती रुळेपर्यंत मी तुमच्याकडे राहीन. ती कधी रुळली ते मीच ठरवीन, म्हणून जयवंतने आत्ताच खानावळीची चौकशी सुरू केली आहे. स्वतःचं स्वतः रांधून खा म्हटलं, तर म्हणतो, "त्यापेक्षा तांबडी माती बरी."

बुधवारी काळोख पडला, सगळ्या आत आल्या, की दाराला जाळी बांधीन. गुरुवारी पहिल्या बसने निघू. टेम्पो नको. गेल्या खेपेला त्याने इतका सावकाश नेला तरी मी इथे बसून प्रत्येक खड्डा मोजत होते. पेटी माझ्या मांडीवर असेल. गर्दी झाली आणि कोणी विचारलं, आजी, ह्यात काय आहे, तर खरं ते सांगेन. म्हापशापर्यंत आम्हा दोघांना ऐसपैस बसायला मिळेल.

सत्यवतीमावशी